येसराचा डबा

सोयगाव,
७ सप्टेंबर २०२५

तनुजा,

आधी पोटात काहीतरी ढकल, मग हे पत्र वाच.

तुला दवाखान्यात सलाईन लावली हे मला तुझ्या बापाच्या तोंडावरून कळलं. तू त्याच्याशी फोनवर बोलत व्हतीस आन् मी नुसती त्याच्या ओठांकडं बघत बसले. कान गेल्यापासून माझं आन् फोनचं जमत नाय. मोबाईलवर लिहून धाडावं तर मोबाईल तुझ्या बापाचा, बद्रीचा, आधी तो वाचणार. म्हणून हे पत्र. सखाराम टेम्पोत मका घेऊन वाळूजला येतो, त्याच्या हाती देते. तूबी उत्तर त्याच्याच हाती दे.

डॉक्टरनं सांगितलं म्हणे, रोज बाहेरचं मागवून खाल्ल्यानं पोट बिघडलंय. ते ऐकून बद्री जो तापला तो अजून गार झाला नाय. म्हणतो, कापूस वेचून झाला की जातो आन् तिला सामानासकट घेऊन येतो. जिला स्वतःचं पोट सांभाळता येत नाय, तिनं नोकरी काय सांभाळायची. मी म्हणलं, अरे, जानेवारीत पोरगी कंपनीत कायम व्हायची आहे, जरा दम धर. तर माझ्यावरच उलटला. म्हणाला, अक्का, तूच तिला कधी चुलीपाशी बसू दिलं नाय.

ते खरं आहे. तुझी आई गेली तव्हा तू एवढीशी व्हतीस. केसरबाई आन् गल्लीतल्या समद्या बाया मला सांगायच्या, पोरीला भाकरी थापायला बसव, नायतर सासरी तुझं नाव निघंल. मी तुला गणितं घेऊन बसवायचे आन् भाकरी मी थापायचे. मला त्याचं वाईट वाटत नाय, आजबी तसंच करीन. पण तुला आता स्वतःच्या हातानं रांधता आलं पाहिजे. हे लग्नासाठी सांगत नाय, तुझ्या पोटासाठी आन् नोकरीसाठी सांगते.

सोबत स्टीलच्या डब्यात घरचं पीठ पाठवलंय. करून खा आन् कसं झालं ते लिही. डबा परत धाड, माझ्या लग्नातला आहे.

तुझी आत्या
द्वारका

*

बजाजनगर, वाळूज,
१६ सप्टेंबर २०२५

आत्या,

तुझ्या पाया पडते. मी एकदम ठणठणीत आहे. अण्णा उगाच घाबरलेत, तू त्यांना समजाव. एखाद्या वेळी पोट दुखलं म्हणून कुणी नोकरी सोडतं का? कंपनीत माझं काम चांगलं चाललंय. पार्ट मोजून-तपासून पुढं पाठवायचे, त्यात आमच्या लाईनवर माझाच हात सगळ्यात पक्का आहे असं सुपरवायझर स्वतः म्हणाले.

आणि आता मी रोज घरीच स्वयंपाक करते. माझी रूममेट निशा, ती पैठणकडची, तीही मदत करते. तुझ्या पिठाच्या काल भाकरी केल्या. काय मऊ झाल्या होत्या, सांगू! निशा म्हणाली, अशी भाकरी मी आयुष्यात खाल्ली नाही. सोबत भेंडीची भाजी होती. अण्णांना हे नक्की वाचून दाखव.

रिकामा डबा परत पाठवायचा नसतो हे मला आठवतं, म्हणून त्यात बालुशाही घातलीय. चौकातल्या हलवायाची आहे, ताजी.

तुझी
तनुजा

*

सोयगाव,
२४ सप्टेंबर २०२५

तनुजाबाई,

तुझं पत्र वाचून मी एवढी हसले की बद्री विचारायला आला, काय झालं. मी त्याला सांगितलं, बालुशाही गोड आहे.

अगं, डब्यात येसर व्हतं. गहू, हरभऱ्याची डाळ, बाजरी, धने, मिरच्या, समदं खरपूस भाजून दळलेलं. लग्नाच्या पंगतीत तू वाट्यावर वाट्या आमटी प्यायचीस ना, ती याच पिठाची. भाजलेल्या पिठाची भाकरी अख्ख्या मराठवाड्यात अजून कुणाला थापता आलेली नाय. तुझ्या मऊ झाल्या म्हणजे तू लईच सुगरण निघालीस.

डब्याचं झाकण उघडून नुसता वास घेतला असतास तरी कळलं असतं. म्हणजे तू झाकण उघडून बघितलंस, पीठ दिसलं, पुन्हा लावलंस आन् मोबाईलवर जेवण मागवलंस. व्हय का नाय?

बद्रीला मी यातलं काही सांगितलं नाय. तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं नाय आन् दाखवणारबी नाय. त्याला भाकरीचं कळलं तर कापूस वेचायचीबी वाट बघायचा नाय. पण मला खोटं लिहू नको. करपलं तर करपलं लिही, कच्चं राहिलं तर कच्चं लिही. मला वाईट वाटायचं नाय.

आता ऐक. पातेल्यात पाणी उकळायला ठेव. जरासं तेल, जिरं, ठेचलेला लसूण, हळद, मीठ. येसर वेगळ्या वाटीत गार पाण्यात कालव आन् मग उकळत्या पाण्यात सोड. हलवत राहा आन् पातेल्यापाशीच उभी राहा. मोबाईल बघायला गेलीस की ते उतू गेलंच समज. बाजारात भाजी महाग असो का स्वस्त, या आमटीला भाजी लागत नाय. कांदा, लसूण आन् मीठ घरात असलं की माणूस उपाशी राहत नाय.

येसर पुन्हा भरून पाठवलंय, वेगळ्या पुडीत ज्वारीचं पीठबी आहे. आता दोन्हींचा वास घे.

आत्या

*

बजाजनगर,
७ ऑक्टोबर २०२५

आत्या,

तुझं पत्र वाचताना कानापर्यंत तापले. निशाला वाचून दाखवलं तर ती हसून हसून गादीवरून खाली पडली. तिनं आयुष्यात न खाल्लेली भाकरी मी तिच्या नावावर खपवली होती ना.

खरं सांगते. मी पहिल्या पाळीला असते तेव्हा निशा दुसऱ्या पाळीला. घरी आलं की पाय सुजलेले असतात, एकटीसाठी काय करायचं असं वाटतं, आणि बोट मोबाईलवर जातं. तिकडून येणारा प्रत्येक डबा एकाच चवीचा असतो, नाव तेवढं वेगळं. पगार झाला की पहिले काही दिवस मजेत जातात आणि महिना सरता सरता आम्ही दोघी बिस्किटं खातो. पण तुला हे सांगायची लाज वाटत होती. तू मला इतक्या उमेदीनं शिकवलंस आणि मला साधी आमटी येत नाही, हे मी कोणत्या तोंडानं लिहू?

असो. आमटी केली. तुझं वाचून कालवलं, पण कढत पाण्यात कालवलं. अशा गुठळ्या झाल्या की आम्ही त्या एकेक उचलून वरणफळासारख्या खाल्ल्या. भाकरीचं तर विचारूच नको. थापताना तिचे दोन देश झाले आणि तव्यावर टाकेपर्यंत चार. तरी खाल्ली. आणि आत्या, पोट दुखलं नाही.

गेल्या काही दिवसांत बाहेरून कमी मागवल्यानं हातात थोडे पैसे राहिले. निशा आणि मी सुट्टीच्या दिवशी शहागंजला जाऊन लोखंडी तवा आणि काटवट घेऊन आलो. दुकानदारानं विचारलं, रुखवतात द्यायचं का. निशा म्हणाली, नाही चाचा, खाने का है.

डबा पाठवते. यात काय घालायचं ते सुचलं नाही, म्हणून शेंगदाणे भाजून घातलेत. भाजले मीच. थोडे काळे झालेत, ते करपलेत असं लिहिते.

तनुजा

*

सोयगाव,
१९ ऑक्टोबर २०२५

तनुजा,

काळे शेंगदाणे मी एकटीनं संपवले, बद्रीला एक दिला नाय. हलवायाच्या बालुशाहीपेक्षा गोड लागले.

कढत पाण्यात कालवू नको म्हणून मी लिहिलं व्हतं. गार पाण्यात, बोटांनी, गुठळी मोडेपर्यंत. भाकरीला मात्र कढत पाणी घे आन् पीठ हातानं रगडून रगडून मळ. तू बरोबर उलटं केलंस. मळताना घाई करशील तर थापताना ती फाटणारच.

पाळ्यांचं मी डोक्यात घेतलं. तुम्ही दोघी एकेकट्या जेवता म्हणून कंटाळा येतो. मग असं करा, जी घरी असंल तिनं आमटी करून जायचं आन् जी कामावरून येईल तिनं आपल्या भाकरी थापायच्या. म्हणजे दमून आलेल्या बाईला घरात काहीतरी शिजलेलं सापडतं. मी शेतातून यायचे तव्हा चुलीवर कुणी पाणी तापवून ठेवलेलं असलं तरी मला बरं वाटायचं.

कापूस अजून झाडावर आहे. पण बद्री तुझं नाव निघालं की गप बसतो. मला त्याचं ओरडणं परवडतं, गप बसणं परवडत नाय.

आत्या

*

बजाजनगर,
२३ नोव्हेंबर २०२५

आत्या,

आज तुला शेखी मिरवायला लिहितेय, झेल.

माझी भाकरी फुगली. नुसती फुगली नाही, तव्यावरून काढून आचेवर धरली तर टम्म झाली आणि बाजूनं वाफ सुटली. घरात कुणी नव्हतं. मी ती हातात घेऊन खोलीभर फिरले, मग खिडकीतून समोरच्या काकूंना दाखवली. त्या म्हणाल्या, बरं मग? त्यांना काय कळणार.

तू सांगितलेली वाटणी सुरू केलीय. सकाळी निशा आमटी, वरण किंवा मुगाची उसळ करून ठेवते, मी येऊन माझ्या भाकरी थापते. दुसऱ्या आठवड्यात उलट. येसराची आमटी आता आमच्याकडं ठरलेली आहे. निशानं तिच्या आईची एक पद्धत घातली. कांदा सालासकट गॅसच्या जाळावर काळा होईपर्यंत भाजायचा, साल काढून ठेचायचा आणि शेवटी आमटीत टाकायचा. तू रागावू नको, पण लई भारी लागतं.

जेवायच्या सुट्टीत मी डबा उघडला की लाईनवरच्या पोरी वाटी पुढं करतात. एकीनं विचारलं, कुठून मागवतेस गं? मी म्हटलं, मीच करते. ते म्हणताना मला जे वाटलं ते पहिल्या पगाराला पण वाटलं नव्हतं.

तब्येत चांगली आहे. एकही सुट्टी घेतलेली नाही. अण्णांना सांग. नको, सांगू नको, मला भीती वाटते. तेच म्हणतील की पुन्हा भाकरीची थाप मारतेय. त्यांना यातलं काही माहीत नाही, नाही का? मग राहू दे.

डब्यात शेंगदाण्याची चटणी आहे. करपलेली नाही.

तनुजा

*

सोयगाव,
१४ डिसेंबर २०२५, सकाळी

तनुजा,

घाईत लिहिते. बद्री उठल्या उठल्या म्हणाला, मी निघालो, पोरीला आणायला. तिला कळवू नको, ती काय खाते ते मला डोळ्यांनी बघायचंय. सामान भरायला मोठी पिशवी घेतलीय. मी लई बोलले, एक शब्द ऐकला नाय. सखारामच्याच टेम्पोत बसतोय. ही चिठ्ठी मी सखारामच्या खिशात कोंबते. बद्रीच्या आधी तुझ्या हाती दे म्हणून बजावलंय.

घाबरू नको. गार पाण्यात कालव.

आत्या

*

बजाजनगर,
१५ डिसेंबर २०२५

आत्या,

तुझी चिठ्ठी सखारामकाकांनी अण्णांच्या डोळ्यादेखत, ‘आत्यानं दिलीय, आधी द्यायची होती’ असं सांगून माझ्या हातात ठेवली. पुढं काय झालं ते ऐक, आणि मला खरं सांग की आता मी काय करायचं.

अण्णा दारात उभे. काखेत ती मोठी पिशवी. निशा कामावर गेलेली. आणि नेमकं काल घरात काहीच नव्हतं. भाजी संपलेली, निशानं आदल्या दिवशी केलेलं वरण मी सकाळीच डब्यात नेलेलं, आणि काल तिला काही करून जायला जमलं नव्हतं. अण्णा खोलीभर बघत होते. मी पाणी दिलं. ते सकाळपासून उपाशी होते, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला वाटलं, पहिल्यांदा बाप आलाय, त्याला नुसती आमटी-भाकरी काय वाढू, चांगलंचुंगलं मागवावं. मोबाईल हातात घेतला. तेवढ्यात अण्णा म्हणाले, “मागव. तू काय मागवून खातेस तेच बघायला आलोय.”

आत्या, मी मोबाईल गादीवर टाकला आणि पाणी उकळायला ठेवलं.

येसर गार पाण्यात कालवलं, बोटांनी. कांदा भाजला तेव्हा खोलीत धूर झाला, अण्णा खोकले, पण उठले नाहीत. मी काटवटीत पीठ मळायला बसले तेव्हा ते माझ्या हातांकडं बघायला लागले. पहिली भाकरी तव्यावर टाकताना चिरली. ती मी माझ्यासाठी बाजूला ठेवत होते, तर त्यांनी हात पुढं करून तीच घेतली. दुसरी फुगली. ती मी त्यांच्या ताटात ठेवली. ते खाली मान घालून जेवले. चव कशी झाली, तिखट झालं का, मीठ कमी आहे का, काही नाही. मी अजून आमटी वाढू का विचारलं, तर ताटावर आडवा हात धरला. एक वाटी खाल्ली आणि उठले. तुला माहीत आहे, लग्नात ते किती वाट्या पितात.

मग हात धुतले, पातेल्याचं झाकण उचलून बघितलं, पुन्हा ठेवलं आणि म्हणाले, “सखाराम थांबलाय.” गेले. आणि आत्या, पिशवी इथंच ठेवून गेले. खिळ्याला अडकवून. त्याचा अर्थ मला कळतो. तुझं तू भर आणि ये, असंच ना?

निशा म्हणते, भरू नको. पण अण्णांनी नको म्हटलेल्या ठिकाणी मी जानेवारीत कायम होऊन तरी काय करू? मी त्यांना माझ्याकडचं सगळं वाढलं होतं गं. यापेक्षा चांगलं मला येत नाही.

पिशवी समोर लटकतेय. अजून त्यात काही घातलेलं नाही. लवकर लिही.

तनुजा

*

सोयगाव,
१८ डिसेंबर २०२५

अगं वेडे,

पिशवीत कपडे भरलेस तर बघ.

तुझा बाप त्या दिवशी घरी आला तो थेट माझ्यापुढं पाटावर बसला. मी काही विचारायच्या आत हातवारे करून, तोंड मोठं करून सांगायला लागला, म्हणजे मला ओठ वाचता यावेत. एवढं त्यानं माझ्यासाठी कधी केलेलं नाय. म्हणाला, अक्का, तिनं येसर कालवलं. अक्का, भाकरी फुगली. मी म्हणलं, मग दुसरी वाटी का नाय घेतली, मुडद्या? हे मी तुझं पत्र यायच्या आधी विचारलं बरं का, कारण त्यानंच सांगितलं की एकच वाटी खाल्ली. तर म्हणतो, पातेल्यात थोडीच उरली व्हती आन् तिची ती मैत्रीण कामावरून यायची व्हती. आपण दुसरी घेतली तर ती पोरगी काय खाईल?

झाकण उचलून तेच बघत व्हता तो. तुला वाटलं चूक काढतोय.

आन् पिशवी. तुझं ज्वारीचं पीठ फाटक्या कॅरीबॅगेत ठेवलेलं त्यानं बघितलं. म्हणाला, पोर एवढं रांधते आन् धान्य ठेवायला धड काही नाय. म्हणून पिशवी तिथंच ठेवून आला. हे तोंडानं सांगायचं त्याला सुचलं नाय. आपल्या घरातल्या बाप्यांना ते कधीच सुचलं नाय. आता ज्वारी निवडायला त्यानं मलाच बसवलंय. निवडून, दळून, सखारामच्या हाती येईल. ती त्या पिशवीत भर.

दुसऱ्या दिवशी चौकात, पारावर, कापसाच्या काट्यावर, जिथं चार माणसं दिसतील तिथं तुझ्या आमटीचं सांगत फिरला. केसरबाई मला सांगायला आली, बद्रीनाथ म्हणतात पोरगी कंपनीतबी एक नंबर आन् चुलीपाशीबी. जिनं मला तुझं नाव निघंल म्हणून भ्या दाखवलं, तिच्या तोंडून हे ऐकलं. मला ऐकू येत नाय, म्हणून तिला दोनदा म्हणायला लावलं.

जानेवारीत कायम हो. बद्रीला आता ते पटलंय. कालच म्हणाला, पेढे कंपनीत वाटायचे का गावात, का दोन्हीकडं.

पण माझ्यावर मात्र संकट आलंय. काल मी येसराची आमटी केली. माझ्या आईनं शिकवलेली, माझ्या हाताची, ज्या आमटीवर हा माणूस वाढला ती. बद्रीनं एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आन् म्हणाला, “अक्का, ही कशी करतात ते एकदा तनुजाला विचारून घे.”

म्हणून हे विचारते. तो जळका कांदा नेमका कधी टाकायचा, पुन्हा एकदा सांगतेस का?

तुझी आत्या

*

बजाजनगर,
२७ डिसेंबर २०२५

आत्या,

लिहून घे.

चांगला मोठा कांदा घे, साल काढू नको. चुलीच्या जाळात बाहेरून पार काळा होऊ दे, आत मऊ झाला पाहिजे. मग साल काढून पाट्यावर ओबडधोबड ठेच. आमटी उकळली की शेवटी टाक आणि वर झाकण ठेव. घाई करू नको, पातेल्यापाशीच उभी राहा. अण्णांना दुसरी वाटी न विचारता वाढ.

पहिल्यांदा नीट जमली नाही तर मला लिही. मला वाईट वाटणार नाही.

डबा परत पाठवतेय. यात येसर आहे. गहू, डाळ, बाजरी, धने, सगळं मी इथं भाजलं आणि गिरणीतून दळून आणलं. झाकण उघडून वास घे. आणि याच्या भाकरी थापू नको.

तुझी
तनुजा